अकराव्या मिनिटाची जागा

हात बाजूच्या फळीवर पसरून निजलो, तेव्हाच माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. डाव्या हाताची अनामिका सात वर्षं अधूनमधून अडकायची; आता तर एकदा मिटली की मिटलीच. पस्तीस वर्षं बेस गिटार वाजवून पोट भरलेला माणूस मी. ते बोट गेलं तर माझ्यात उरतं काय? फुकटचा राग.

डॉक्टरबाईंनी आधी समजावलं होतं. बोट ओढणारी दोरी, म्हणजे कंडरा, एका कड्यातून जाते. ते कडं कापायचं. भूल फक्त तळव्याला. मी जागा राहायचं आणि त्या म्हणतील तेव्हा बोट हलवायचं. मग हळूच म्हणाल्या, "कडं आणि कंडरा अगदी चिकटून असतात. जपून करू." हा 'जपून' शब्द ऐकला की माझा विश्वासच उडतो. जो तो जपूनच करतो, तरी व्हायचं ते होतं.

निघताना बायकोने बजावलं होतं, "अहो, तुम्ही कोण ते तिथे सांगत बसू नका. माणूस दबकतो, हात कापतो." कुणाचा हात, ते तिने सांगितलं नाही. तसंही बेसवाल्याला ओळखतंय कोण?

"गाणं लावलं तर चालेल ना काका?" बाईंनी विचारलं आणि माझ्या होकाराआधीच सिस्टरला खूण केली.

दोन सुरांत ओळखलं. आमच्याच बँडचं. तेही शेवटच्या रेकॉर्डमधलं, अठरा मिनिटांचं, ज्याला काळं कुत्रंही विचारत नाही.

आमची पद्धत अशी, की गाणं कुठून सुरू करायचं तेवढं ठरवायचं. कुठे संपेल ते पाचांपैकी एकालाही ठाऊक नसायचं. जो वळेल, त्याच्यामागे बाकीचे. या गाण्यात अकराव्या मिनिटाला माझं बोट पहिल्यांदा अडकलं आणि मी भलत्याच पट्टीत जाऊन पडलो. ड्रमवाल्या बुटक्याने मानही वर केली नाही. तो माझी चूकच धरून पुढे गेला, मग सगळेच गेले. तेव्हापासून मी हे गाणं ऐकलं नव्हतं. लाज वाटायची, आणि चूक झाकायची सोडून पुढे नेली म्हणून बाकीच्यांचा रागही यायचा.

सुया टोचल्या, तळवा बधिर झाला. मध्ये हिरवं कापड होतं, हात दिसत नव्हता.

"यांची जुनी गाणी सगळे ऐकतात," बाई काम करता करता बोलत होत्या. "मला हेच आवडतं. म्हातारपणी केलेलं. कुणाला काही दाखवून द्यायचं नाही. आता ऐका हं, पुढे बेसवाला काय जागा घेतो!"

"डोंबलाची जागा," मी म्हणालो. "बोट अडकलं होतं माझं."

जिभेला हाड नाही ते नाहीच. कापडापलीकडे सगळं थांबलं.

"हे बोट?"

"हेच."

"एक मिनिट द्या मला," बाई म्हणाल्या. आवाज बदलला होता. त्यांचं कोपर मला दिसत होतं आणि ते थरथरत होतं. माझा तळवा उघडा, कंडरा उघडी, आणि कापणारीच घाबरलेली.

धीर द्यायला माझ्याकडे तरी कुठे होता? पण बोलणं भाग होतं.

"बाई, तेव्हा मीही घाबरलो होतो. वाटलं, हात काढून घ्यावा. बुटक्याने थांबूच दिलं नाही. तुम्हीही थांबू नका."

"आणि चुकलं तर?"

"तर आयुष्यभर शिव्या घालीन. सवय आहे मला."

सिस्टर हसली. बाई हसल्या नाहीत, पण कोपर स्थिर झालं.

बाई पुन्हा कामाला लागल्या. गाणं त्या भलत्या पट्टीत पुढे चाललं होतं आणि मी ते पहिल्यांदाच नीट ऐकत होतो. गिटारवाला माझ्या चुकीच्या सुराला आपला सूर लावून बघत होता. बुटक्याने ठेका इतका हलका केला होता, की मला सावरायला वेळ मिळावा. चौघांनी मला उचलून घेतलं होतं आणि मी सात वर्षं त्यांच्यावर धुमसत होतो. गाणं सुंदर होतं. असं पुन्हा वाजवता येणार नाही, या भीतीने मी डोळे गच्च मिटून घेतले.

बाई 'हलवा' म्हणेनात. गाणं संपत आलं तरी म्हणेनात. कंडरा तुटली असणार, म्हणूनच गप्प आहेत, असं वाटलं.

"बाई, हलवू का?" शेवटी मीच विचारलं.

"काका, मघापासून याच बोटाने ठेका धरलाय तुम्ही," त्या म्हणाल्या. "आता जरा थांबवा. टाके घालायचेत."