दक्षिणेकडचा गाळा

थांबा, पाणी तापतंय तोवर दोन शब्द बोलून घेतो. मी एक नकाशा. मांजरा नदीच्या काठी जो चार मजली मनोरा उभा राहायचा होता आणि राहिला नाही, त्याचा.

मला कागदी समजू नका हं! तलम कापडाला खळ चढवून काचेसारखं केलेलं, त्यावर मी काळ्या शाईनं उतरलो. निजामाच्या राज्यात, एकोणीसशे अठ्ठावीस साली, औरादकडच्या काठावर. मला काढणारे गुंडेराव हैदराबादेत नक्शानवीस. सुटीवर गावी आले आणि ओसरीवर पालथे पडून महिनाभर मलाच काढत बसले. काय दिवस होते ते! रेघ मनासारखी आली की स्वारी गुणगुणायची, बिघडली की शेजारच्या कोंबड्यांवर खेकसायची.

थाट तरी केवढा माझा! खाली व्यापाऱ्यांचे गाळे, वर पुरात अडकलेल्या वाटसरूंसाठी खोल्या, माथ्यावर पैलतीरावरून दिसेल असा कंदील.

बांधकाम अंगावर घेणार होते भालकीचे व्यापारी चनमल्लप्पा. त्यांनी मला लिंबाखाली पसरलं, चहूकडून पाहिलं आणि नदीकडच्या गाळ्यावर बोट ठेवलं.

"गुंडेराव, झ्याक काढलाव. पन दक्षिणेला तोंड करून गादी कोन घालंल? लक्ष्मी येती का तिकडून?"

"अण्णा, नदीच दक्षिणेला हाय. तिला उचलून उत्तरेला नेऊ का?"

"नदी ऱ्हाऊ द्या. त्या अंगाला वरपत्तुर भिंत घाला. दार नको, खिडकी बी नको. उद्याच पाया खांदू."

एका भिंतीचाच तर प्रश्न होता. माझा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी गुंडेराव चाकूनं माझ्यावरची शाई खरवडायला बसले. त्यांची बायको सत्यभामाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. बाईंचं माहेर पैलतीरावर. पावसाळ्यात नाव बंद झाली की त्या घाटावर नुसत्या उभ्या राहायच्या.

"काय खरवडायलाव?"

"नदीकडची बाजू बंद करायलोय. दक्षिणेला यम ऱ्हातो म्हणं."

"माझी आय ऱ्हाती तिकडं," बाई म्हणाल्या आणि चुलीकडं गेल्या.

तेवढंच. ना रडणं, ना रुसणं. गुंडेरावांनी चाकू मिटला. दुसऱ्या दिवशी चनमल्लप्पांना सांगितलं, भिंत होणार नाही. चनमल्लप्पा आधी हसले, मग चिडले, मग गाडी जुंपून चालते झाले. घरात गुंडेराव एवढंच म्हणाले, "व्यापाऱ्यांचा इचार बदलला."

मी पेटीत गेलो. राग येणार नाही तर काय? एका वाक्यापायी चार मजले गेले माझे! दिवाळीच्या साफसफाईत गुंडेराव मला बाहेर काढायचे, नदीकडच्या खिडक्यांवरून बोट फिरवायचे आणि पुन्हा गुंडाळून ठेवायचे. पैलतीरावरची म्हातारी कधीच गेली. मग रझाकारांची धामधूम आली, पेठ ओस पडली, चनमल्लप्पांचं बिऱ्हाड सोलापूरकडं गेलं. निजामाचं राज्यही गेलं.

आता घरात नात जन्मली आहे. तिच्या दुपट्यापुरतंही बाजारात धड कापड मिळत नाही. माझी खळ धुतली की आत मलमलीसारखं कापड आहे, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी मला मांडीवर घेतलं, पण पाण्यात घातलं नाही.

"भिंत घातली असती तर मनोरा झाला असता म्हणं. चनमल्लप्पाची बायको जाता जाता सांगून गेली. माझ्यापायी ऱ्हायला व्हय तुमचा?"

गुंडेरावांनी मला हातात घेतलं. नदीकडच्या खिडक्यांवरून एकदा बोट फिरवलं. मग मला परत बाईंच्या हातात दिलं.

"भिजव आता. पोरीला गार लागंल."

बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

तर मंडळी, काठावरची ती जागा अजून मोकळी आहे. कुणाला बांधायचं मनात आलं तर जरूर बांधा. तेवढी नदीकडची बाजू बंद करू नका.

पाणी कोमट आहे, बाईंचा हात हलका आहे. राग धरावा म्हटलं तरी आता धरवत नाही. शाई सुटायला लागली. आधी कंदील गेला, मग गाळे गेले. नदीकडच्या खिडक्या मात्र बाई अजून चोळत नाहीयेत.