चेनकव्हर

अपेक्षाने पावलं मोजायचं सोडलं आणि कान मागे लावले. होताच तो आवाज. खड्... खड्... सायकलचं सैल चेनकव्हर. पवनारच्या पुलाकडे जाणारा रस्ता, सकाळचे साडेपाच, आणि मागे तेच.

तिने वळून पाहिलं नाही. वासुदेवरावांचा एकच नियम होता: पळणाऱ्याने मागे पाहायचं नाही, पाहिलं की सेकंद गेला. दोन वर्षं हे निवृत्त हवालदार तिच्यामागे सायकल हाणत, शिट्टी फुंकत, शिव्या घालत आले होते. तेही फुकट. आणि त्यांना वारून आज सोळा दिवस झाले होते.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. आठशे मीटर मात्र तीन सेकंद लवकर संपले. पोलीस भरतीची ही तिची शेवटची संधी. पुढल्या वर्षी वय बसत नव्हतं, आणि घरचे लग्नासाठी टपलेलेच होते.

ती तडक वासुदेवरावांच्या घरी गेली. त्यांच्या पत्नी अनुसयाबाई अंगण झाडत होत्या. सायकल भिंतीशी, कुलूपबंद.

"काकू, सायकल कोणी नेलती का आज?"

"कोण नेईन? किल्ली माह्यापाशी हाये." बाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "आवाज येऊन राह्यला का तुले?"

तिने मान हलवली. भ्यालीच होती ती.

"भेऊ नको. तुले पास केल्याबिगर ते काई जात नाईत. पास झाली का थांबतीन."

भरतीच्या मैदानावर शेवटच्या दोनशे मीटरला तिचा दम पार उखडला, आणि तेव्हाच खडखड आली. एकदाच वळावं, काका दिसतील, असं इतकं वाटलं की डोळे भरले. ती वळली नाही. दोन मिनिटं अठ्ठेचाळीस.

निवड झाली आणि रस्ता गप्प झाला. चार दिवस ती नुसतीच पळून आली. घरी येऊन रडली.

पाचव्या दिवशी अनुसयाबाईंनी सायकल तिच्या हाती दिली.

"चेनकव्हर भंगारात देल्लं. लय वाजे. आपली गल्लीतली नंदिनी औंदा भरतीले बसून राह्यली. तुले ट्रेनिंगले जायले टाइम हाये नं? तिच्यामागं राह्यजो."

अपेक्षा नंदिनीच्या मागे निघाली. सायकल अगदी गुपचूप चालत होती. पुलापाशी नंदिनी थांबली, धापा टाकत म्हणाली,

"ताई, ते चेनकव्हर कसून घ्या नं! किती खडखड करून राह्यलं!"

अपेक्षाने हँडल घट्ट धरलं. मान वळू दिली नाही.

"चाल," ती म्हणाली. "अजून एक राउंड."