सोळावा खटला

अमरीनने आपल्या आत्याच्या, फुफूच्या, पाठीमागे दुसरी उशी सरकवली, वही मांडीवर घेतली आणि सरळ सतरावा खटला सुरू केला. दोन वाक्यं झाली असतील नसतील, तोच तसबीहच्या मण्यांवर फिरणारा खुदेजाफुफूचा अंगठा थांबला.

"सोळावा कुठं गेला?"

"कुठला सोळावा?"

"काल पंधरावा सांगितलास. आज सतरावा बोलतेस. मधला काय बोक्यानं नेला?"

तो परीक्षेला नाही, असं अमरीनने ठोकून दिलं. पण म्हातारीला फसवणं एवढं सोपं नव्हतं. एका खटल्याला एक मणी, असा फुफूचा हिशेब जानेवारीपासून चालला होता, आणि आता एप्रिल संपत आला होता.

अमरीन बारावीच्या वर्गात इंग्लंडचा कायदा शिकत होती. मस्कतच्या त्या शाळेत इंग्लंडचाच अभ्यासक्रम होता. खून, चोरी, मारहाण हे एका पेपरात आणि दुसऱ्याचं नुकसान केल्याची भरपाई दुसऱ्यात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला खटला समजावता आला तरच तो तुम्हाला समजला, असं जानेवारीच्या सत्राच्या पहिल्याच दिवशी मिस म्हणाल्या होत्या. वर्गातली मुलं हसली, कारण सगळ्यांची म्हातारी माणसं केरळात नाहीतर कराचीत. अमरीनच्या घरी मात्र मागच्या खोलीत एक हक्काचं माणूस पडून होतं.

तेव्हापासून ती आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत खटले सांगत होती आणि फुफू न्यायाधीशाच्या आधी निकाल देऊन मोकळी होत होती. बाटलीत मेलेली गोगलगाय निघाली, तर दोष दुकानदाराचा नाही, बाटली भरणाऱ्याचा. हे तिने मान न हलवता सांगितलं. लंडनच्या एका पुलावर शर्यतीसाठी रस्ता अडवला होता. एक माणूस तिथे घुसला, त्याला पुढे जाऊ देईनात, आणि मला कोंडलं म्हणत त्याने दावा ठोकला.

"मागं जाता येत हुतं?" फुफूने विचारलं.

"हो."

"मग कोंडला कुठं? मागं जायची वाट हाय तर ती कैद नाय."

न्यायाधीशही हेच म्हणाले होते. अमरीन टाळ्या वाजवून हसली. फुफू हसली नाही. चादरीखालच्या आपल्या पायांकडे बघत राहिली.

फुफू दाभोळहून आली ती महिन्याभरासाठी. नवरा गेला, पोरबाळ नाही, एवढ्या घरात बूबू, आपली थोरली बहीण, एकटी कशाला, म्हणून जहूरने, अमरीनच्या अब्बांनी, हट्टाने बोलावून घेतली. परतीच्या विमानाला चार दिवस राहिले असताना ती न्हाणीत पडली. कमरेतून उठवेना. आठवड्यात उठेल म्हणता म्हणता व्हिसाची मुदत सरली. मग हॉस्पिटलात न्यायचं तर पहिला कागद तोच मागणार, आणि त्या कागदावर जामीन म्हणून जहूरच्या अर्बाबची, मालकाची सही, म्हणजे ठपका त्याच्यावर. नोकरी त्याच्याकडे, सगळ्यांचे व्हिसे त्याच्याकडे, अमरीनची शाळा त्याच्या मेहुण्याची म्हणून अर्ध्या फीमध्ये. आज जाऊ, उद्या जाऊ करता पाच महिने गेले, आणि जितका उशीर झाला तितकी जायची भीती वाढली. घर मस्कतच्या टोकाला, माबेलाच्या एका कोपऱ्यात, शेजारी कोण राहतं तेही ठाऊक नाही. आपल्याकडे कोणी आहे हे कोणाला बोलायचं नाही, अशी अब्बांची ताकीद होती.

आणि गेल्या दोन महिन्यांपासून फुफूने जेवण जवळजवळ सोडलं होतं. भूक नाही म्हणायची. खरं काय ते अमरीनच्या अम्मीला, बिलकीसला, पक्कं ठाऊक होतं. खाल्लं की उठवावं लागतं, धुवावं लागतं, आणि बिलकीसची पाठ रात्रंदिवस ठणकते हे म्हातारीला दिसत होतं. बिलकीस विनवून थकली, रागावून थकली, शेवटी एकटीच स्वयंपाकघरात रडून घ्यायची.

सोळावा खटला अमरीनने वर्गात वाचला आणि वही मिटून टाकली. तो तिने कोणाला सांगितला असेल तर अब्बांना, शाळेच्या वाटेवर, गाडीत.

इंग्लंडातल्या एका गावात एक म्हातारा होता, कानाने अधू, डोळ्याने अधू. त्याच्या घरी एक बाई राहायची. म्हाताऱ्याची बहीण त्यांच्याकडे राहायला आली आणि हळूहळू तिने खाणं सोडलं, अंथरूण धरलं. ही दोघं डॉक्टर शोधायला पायी निघाली ती भलत्याच गावी पोचली, आणि परत आली. त्या बाईने शेजारणीच्या मदतीने तिला एकदा अंघोळ घातली. मग एक दिवस बहीण अंथरुणातच मेली. कायदा म्हणाला, रस्त्यात कोणी परका बुडत असेल आणि तुम्ही बघून पुढे गेलात तर मी तुमची मानगूट धरणार नाही. पण हिला तुम्ही घरात घेतलीत, हिचं करायला लागलात, आता हात वर करता येणार नाहीत. दोघंही दोषी ठरली. भाऊ तुरुंगात गेला.

जहूर पुढचा चौक वळला. मग म्हणाला, "हे इंग्लंडचं आहे ना?"

"हो."

"मग पेपरात लिही. घरात नको."

तो ओरडला असता तर अमरीन भांडली असती. पण अर्बाबला कळलं तर उद्या आपण चौघंही कुठे जायचं, एवढंच तो शाळेच्या फाटकाशी पुटपुटला. म्हणून अमरीनने सोळावा गाळला होता.

तीन दिवस फुफूने दुसरा कुठलाच खटला ऐकला नाही. आधी सोळावा, मग बाकीचे, म्हणे. गुरुवारी तर तिने चहाचा कपही तोंडाला लावला नाही. अमरीन चिडली. फुफूवर चिडली, अब्बांवर चिडली, त्या अर्बाबवर, ज्याला तिने दोनदाच पाहिलं होतं, त्याच्यावरही चिडली. ऐकायचाच आहे ना, मग ऐक, म्हणून तिने एका दमात सगळा खटला सांगून टाकला.

फुफूने या वेळी मधेच निकाल दिला नाही. खटला संपल्यावर तिने विचारलं, "त्या बहिणीला कुणी इचारलं काय, तुला कुठं जायचं हाय म्हणून?"

"पुस्तकात तेवढं नाही, फुफू."

"आणि ती बाई? न्हाऊ घातलं तिनं. तरी दोषी?"

"न्हाऊ घातलं म्हणूनच."

फुफूची नजर दाराबाहेर गेली. बिलकीस तिच्याच धुतलेल्या चादरीची घडी घालत होती.

"बिलकीसला सांग," फुफू म्हणाली, "पेज टाक म्हणावं. मऊ."

बिलकीसचा आधी विश्वासच बसेना. मग तिने धावत जाऊन तांदूळ चढवले, मीठ घातलं, वर लोणच्याचा खार. फुफूने अर्धी वाटी संपवली. संध्याकाळी मगरीबच्या नमाजानंतर जहूर घरी आला आणि वाटी बघून लहान पोरासारखा हरखला. अल्लाचा करम, म्हणाला. उगाच घाबरत होतो, आता हळूहळू पायही टाकेल, इन्शाल्ला. पाच महिन्यांत प्रथमच त्याच्या चेहऱ्यावर सुटका दिसत होती. अमरीनला मात्र बाहेरून कडी घातल्यासारखं वाटलं. फुफू जेवते म्हटल्यावर आता कोणी कुठेच जाणार नव्हतं.

शुक्रवारी जुम्मा करून जहूर आला तो हात धुऊन स्वतःच वाटी घेऊन बहिणीजवळ बसला. बूबूने लहानपणी मला असंच भरवलंय, असं सांगत सांगत चमचा पुढे करत होता. फुफू औषध गिळावं तशी पेज गिळत होती. प्रत्येक घासाला डोळे मिटत होती. अमरीन दारात उभी होती.

चौथ्या चमच्यानंतर फुफूने भावाचं मनगट धरलं आणि दाराकडे बघितलं.

"अमरीन, वही आण. सोळाव्याखाली लिही."

"काय लिहू?"

"लिही, बहीण दोन वेळ जेवत हुती. भाऊ हातानं भरवत हुता. भावजयीचा पण काय गुन्हा नाय. खाली मी अंगठा देते." तिला धाप लागली. थोडं थांबून ती म्हणाली, "मग उद्या मी मेले तरी तुझ्या अब्बाला कोण नेणार नाय ना गो?"

चमचा हवेतच राहिला. जहूरने मान वळवून लेकीकडे पाहिलं. अमरीनने नजर खाली घातली नाही.

चमच्यातली पेज थोडी चादरीवर सांडली. जहूरने चमचा वाटीत ठेवला, वाटी खाली ठेवली, खिशातल्या रुमालाने बहिणीची हनुवटी पुसली. हळूहळू, नीट पुसली. मग तो उठून बाहेर गेला. लोखंडी कपाटाचं दार वाजलं. त्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळ्यांचे पासपोर्ट असत.

"बिलकीस," बाहेरून त्याचा आवाज आला, "बूबूच्या चपला कुठे ठेवल्यास?"

बिलकीस ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून आली आणि तशीच उभी राहिली. पाच महिन्यांत त्या चपलांचं कोणाला काम पडलं नव्हतं. आधी तिने दाराजवळचं कपाट बघितलं, मग न्हाणीचा कोपरा, मग पलंगाखाली वाकून फुफूची बॅग ओढली. बॅगेच्या मागे होत्या. तिने ओढणीच्या टोकाने धूळ पुसली आणि पुसता पुसता तिला रडू फुटलं, ते तिने लपवलं नाही.

"कुठं नेतोस रे?" फुफूने विचारलं.

"आधी हॉस्पिटल," जहूर म्हणाला. "मग दाभोळ."

"आणि अर्बाब?"

जहूरने एक हात तिच्या मानेखाली घातला, एक गुडघ्यांखाली, आणि बहिणीला उचललं. आता तिचं वजन काहीच राहिलं नव्हतं. अमरीनने पुढे होऊन दार उघडून धरलं. बिलकीसने खाली वाकून चपला चढवायचा प्रयत्न केला, पण पाय सुजले होते, चपला काही चढेनात. तेव्हा तिने त्या हातात घेतल्या आणि गाडीपर्यंत मागोमाग चालत गेली.