वरच्या वाटेचा बाण

मित्रांनो, मी एक जुना लाकडी बाण आहे. धनुष्याला लावून सोडतात तो नव्हे, वाटेच्या फाट्यावर खांबाला ठोकतात तो. मला टोक आहे, पण सायकलवाल्यांपैकी कुणाला ते कधी टोचलं नाही. खाली पोंतेलुंगा गावातल्या पर्यटन कचेरीत विचाराल, तर मात्र वेगळं उत्तर मिळेल. त्यांना मी फार टोचलो, आणि त्याचा मला मुळीच पस्तावा नाही.

माझा जन्म एका गोठ्याच्या दारातून झाला. इटलीच्या उत्तरेला, डोंगरांच्या कुशीतल्या सोर्देरा खोऱ्यात, रिवोइरा नावाचं उंचावरचं गाव आहे. तिथे देल्फिना राहते. तिने तीस वर्षं सायकलवरून टपाल वाटलं. निवृत्त झाली त्या वर्षी तिच्या लक्षात आलं, की दूरदेशीचे लोक सायकलीला दोन्ही बाजूंनी पिशव्या लटकावून आपल्या खोऱ्यात येतात, मोठ्या रस्त्याने मालमोटारींचा धूर खात जातात आणि संध्याकाळी दुसऱ्या टोकाने निघूनही जातात.

"धूर खाल्ला आणि म्हणे खोरं पाहिलं!" ती म्हणाली.

तिला जुनी खेचरांची वाट तोंडपाठ होती. नदीवरच्या पुलापासून चेस्टनटच्या राईतून रिवोइरापर्यंत आणि तिथून खिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात. तिने वडिलांच्या मोडक्या गोठ्याच्या दाराची एक फळी काढली, करवतीने टोक केलं, पटाशीने अक्षरं कोरली आणि त्यांत लाल रंग भरला. 'रिवोइरा. ९ किलोमीटर. पाणी मिळेल, घाई मिळणार नाही.' मग मला सायकलवर घालून, गोणपाटात गुंडाळून तिने पुलापाशी आणलं आणि खांबाला बसवलं. त्या गोणपाटामुळे येताना मला वाटेतलं काहीच दिसलं नाही.

मित्रांनो, ती वर्षं सुखाची होती. माणसं माझ्यापाशी थांबत, मला वाचत, हसत. नवरा-बायको माझ्याखाली उभे राहून भांडत. एकाला खालून जायचं असे, दुसऱ्याला वरून. बहुतेक वेळा वरचाच पक्ष जिंके. एका जाड्या डच गृहस्थाने चढाकडे पाहिलं, मला एक सणसणीत शिवी दिली आणि निमूटपणे वर गेला. तिसऱ्या दिवशी तो परत आला, तेव्हा त्याने माझ्या टोकावर हात फिरवला. ती माझी सर्वांत मोठी शाबासकी.

वर काय घडतं, ते मला चेल्सोच्या तोंडून कळे. हा देल्फिनाचा शेजारी. पीठ न्यायला तो आठवड्यातून एकदा खाली येई आणि पुलावर भेटेल त्याला बातम्या सांगे. त्याने बापाची बंद पडलेली खाणावळ पुन्हा उघडली होती. चार खाटा टाकल्या होत्या. गावची पावाची सामायिक भट्टी शनिवारीच पेटायची, ती आता एक दिवसाआड पेटू लागली होती.

मग नदीकाठाने नवा सायकलमार्ग झाला. सपाट, गुळगुळीत, कठडेवाला. त्या मार्गाचा मला राग नाही. त्यावर म्हातारी माणसं फिरतात, पोरं सायकल शिकतात. पण कचेरीने नवा नकाशा छापला, त्यात नदीच्या वरची सगळी बाजू नुसती हिरवी रंगवून टाकली. रिवोइराचं नावसुद्धा नाही! जणू आमच्या डोंगरात माणसं नाहीत, झाडंच राहतात.

आणि हुकूम सुटला: पुलाजवळचा फलक विनापरवाना आहे, तो काढावा.

मला काढलं. देल्फिना कचेरीच्या आवारात गेली. "माझ्या दाराची फळी आहे ही," असं म्हणून तिने मला काखोटीला मारलं आणि पुन्हा ठोकलं. पुन्हा काढलं, तिने पुन्हा ठोकलं. तिसऱ्या खेपेला जे घडलं, ते सांगताना आजही माझ्या लाकडातल्या रेषा ताठ होतात.

भर दुपारी रस्ते खात्याचा माणूस आला. इवानो त्याचं नाव. देल्फिना त्याची धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या वेळी त्याला तिनेच मांडीवर घेतलं होतं आणि सायकल चालवायलाही तिनेच शिकवलं होतं. त्याने दोन्हीकडे पाहिलं. मला काढलं नाही. एक स्क्रू सैल केला, मला गर्रकन फिरवलं, स्क्रू पिळला आणि निघून गेला. माझं टोक आता नदीकडे होतं.

मोडलं असतं, जाळलं असतं, तरी चाललं असतं. पण त्यांनी मला खोटं बोलायला लावलं!

दुसऱ्या दिवशी दोन डॅनिश बहिणी आल्या. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं, लाल अक्षरांचा बाण दाखवेल तिकडे जा. त्यांनी माझ्याकडे विश्वासाने पाहिलं आणि खालच्या मार्गाने निघून गेल्या. मला ओरडता आलं नाही. वर चेल्सो, रोजच्यासारखं कुणीतरी येईल म्हणून सूप तापत ठेवून, अंधार पडेपर्यंत दारात उभा होता, हे मला नंतर कळलं. तीन दिवस वर एक चाक फिरकलं नाही. चौथ्या दिवशी देल्फिना स्वतः खाली आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मला सरळ केलं आणि बाजूच्या दगडावर बसून राहिली.

दुपारी इवानो आला, हातात कागद घेऊन.

"मावशी, आता ऐक माझं. आज हा काढायचाच आहे. वरची, वाट तोलून धरणारी दगडी भिंत कच्ची आहे म्हणतात. कुणी पडलं तर जबाबदार कोण?"

"कोण म्हणतात?"

"कचेरीतले."

"त्यांतला कोण वर येऊन गेला?"

इवानोने हातातल्या कागदाची घडी घातली.

"तू शेवटचा कधी आला होतास रे?"

"मावशी, कामं असतात..."

"घे, काढ त्याला," देल्फिना उठली. "पण आधी पाठीवर बांध आणि सायकलने वर चल. भिंत बघ. कच्ची वाटली, तर वरच चुलीत घाल, मी हूं की चूं करणार नाही."

"सायकलने? माझं पोट बघ जरा!"

"मी एकाहत्तरची आहे. पोटाचं कौतुक मला सांगू नकोस."

मित्रांनो, अशा रीतीने इवानोच्या पाठीवर बसून मी निघालो. चौदा वर्षं मी ज्या वाटेकडे बोट दाखवत होतो, ती मी कधी पाहिलीच नव्हती! मला थोडी धाकधूक होती. आपण लोकांना इतकी वर्षं भलतीकडे तर धाडलं नाही ना?

पहिल्या वळणावर देऊळवजा छोटं प्रार्थनाघर होतं. पुढे चेस्टनटची राई लागली. माझ्याच जातीची झाडं, पण उभी, जिवंत. देल्फिना टपालाच्या जुन्या सायकलवर पुढे, चढ कडक झाला की उतरून चालणारी. इवानो मागे भात्यासारखा फुसफुसत होता. मग ती भिंत आली. रिवोइराच्या लोकांनी गेल्या वसंतात ती दगडावर दगड बसवून नव्याने रचली होती. इवानोने लाथ मारून पाहिली, खांद्याने रेटून पाहिली. भिंत हलली नाही. त्याचा खांदा मात्र दुखला.

झऱ्यापाशी दोघं थांबली. दगडी डोणीत पाणी पडत होतं. इवानोने डोकं त्यात बुडवलं आणि वर न बघताच म्हणाला, "मावशी, तो मीच फिरवला होता."

"ठाऊक आहे मला."

"कसं?"

"स्क्रू वाकडा पिळायची खोड तुझीच. माझ्या सायकलच्या घंटेची सात वर्षांचा असताना अशीच वाट लावली होतीस." तिने ओंजळीने पाणी घेतलं. "पण मला सांगून काय उपयोग? चेल्सोला सांग. तो थांबला होता दारात."

वर खाणावळीत इवानोने टोपी काढून चेल्सोला सगळं सांगितलं. चेल्सोने त्याच्यासमोर मक्याच्या पोलेंताची थाळी आदळली, वर चीजचा मोठा तुकडा ठेवला.

"आधी जेव. उपाशी माणसाला दिलेल्या शिव्या वाया जातात."

तो जेवला. मग चेल्सोने शिव्या दिल्या. चांगल्या अर्धा तास दिल्या, आणि इवानोने त्या खाली मान घालून ऐकल्या. मी भिंतीला टेकून सगळं पाहत होतो. खिडकीतून खिंड दिसत होती आणि तिच्यावरून कुणीतरी दोघं सायकली ढकलत येत होती. नाही मित्रांनो, मी कुणाला भलतीकडे धाडलं नव्हतं.

इवानोने मला स्वतःच्या हाताने परत पुलापाशी बसवलं, एका स्क्रूऐवजी चार बोल्ट मारून. कचेरीला त्याने लिहून दिलं: 'भिंत भक्कम आहे. वाट सायकलींना योग्य आहे. फलक वरिष्ठांच्या सांगण्यावरून मी फिरवला होता. तो मी काढणार नाही, दुसऱ्या कुणाला पाठवा.' त्याची रस्ते खात्यातून उचलबांगडी झाली आणि त्याला दफनभूमीच्या देखभालीवर नेमलं. तो म्हणतो, तिथली माणसं कमी त्रास देतात. रविवारी मात्र तो सायकल घेऊन वर जातो. पोट थोडं कमी झालं आहे.

दुसरं कुणी अजून आलेलं नाही. येईलही. छापील नकाशात रिवोइरा आजही नाही. देल्फिनाचे गुडघे आता चढ मानत नाहीत, म्हणून चेल्सो पिठाच्या गाडीतून तिला खाली आणतो. ती पुलाच्या कठड्यावर बसते आणि थांबेल त्याच्या नकाशावर लाल पेन्सिलीने आमची वाट काढून देते. कितीतरी देशांत आता आमच्या वाटेचे नकाशे आहेत, हाताने दुरुस्त केलेले.

मित्रांनो, माझा रंग विटला आहे. एका कडेला कीड लागली आहे. तुमच्या वाटेवर माझ्यासारखा कुणी दिसला, तर त्याच्यावर नावं कोरू नका, गंमत म्हणून त्याला फिरवू नका. वाकला असेल तर सरळ करा, पण आधी जवळच्या घरी विचारा, की हा कुठे दाखवत होता. आणि कुणी म्हणालं, 'राहू दे, खालून सोपा रस्ता आहे,' तर त्याला माझा निरोप द्या. खाली जायला बाण लागत नाही, पाणीसुद्धा आपोआप जातं. वर जाणाऱ्याला कुणीतरी दाखवावं लागतं. मी दाखवतो आहे. कुणाची हिंमत असेल, त्याने यावं आणि फिरवून पाहावं.