मोटारबाबांची जखीण

चढणीच्या माथ्यावर वडाखाली एक मालट्रक, एक टॅक्सी आणि जत्रेला जमावीत तेवढी माणसं थांबली होती. मोटारबाबांनी डोळे मिटायला सांगितलं, सगळ्यांनी मिटले. घंटा घणघणली, धुपाचा धूर नाकात गेला आणि मघापासून मेलेला ट्रक हँडलच्या एका झटक्यासरशी धडधडू लागला. "मोटारबाबा की जय!" ड्रायव्हरनं धुळीतच लोटांगण घातलं. टिटवाळ्याहून शहाडकडे येणाऱ्या त्या कच्च्या रस्त्यावर उन्हाळ्यात रोज कुठली ना कुठली गाडी इथंच बंद पडायची आणि बाबा ती जिवंत करायचे. मेलेली माणसं उठवायची तेवढी राहिली होती.

त्याच गर्दीच्या टोकाला येऊन शुभदाची गाडी आचके देत बंद पडली.

गाडी म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाडच होतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेली अँब्युलन्स तिच्या नवऱ्यानं, हरिहरनं, हौसेनं घेतली होती. आत झोपायला फळ्या, स्टोव्हपुरता कट्टा, खिडक्यांना पडदे. कल्याणला नकाशे काढायची नोकरी करणारा हा माणूस मे महिन्यात बायकोमुलीला घेऊन टिटवाळ्याला नदीकाठी मुक्काम ठोकायचा. यंदा तिथंच लहानग्या सुमतीचा घसा सुजला. गावातल्या डॉक्टरांनी घशात पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "घटसर्प आहे. इंजेक्शन कल्याणला मिळेल. आगगाडीची वाट बघू नका, निघा."

आता सुमती फळीवर पडली होती. प्रत्येक श्वासाला घशातून करवतीसारखा आवाज येत होता.

हरिहरनं बॉनेट उघडलं. प्लगला ठिणगी होती, टाकीत पेट्रोल होतं. हँडल मारून मारून त्याचे तळहात सोलले. इंजिन एकदा खोकलं आणि गप्प झालं.

"जखीण!" मागून खणखणीत आवाज आला. बाबा आले होते. भगवी कफनी, गळ्यात स्पार्क प्लगांची माळ. "या चढणीची जखीण आहे ही. पेट्रोलचा वास आला की उठते. इंजिनाची मान तिनं आवळली, पोरीचीही तिनंच आवळली. पोरीला खाली काढ, वडाखाली निजव. दिवस मावळला की दोघांनाही सोडवतो."

"दिवस मावळेपर्यंत ती राहणार नाही हो!" शुभदा ओरडली.

जमिनीचे मालक काळुराम पाटील पुढे झाले. बाबांचा मठ त्यांच्याच जागेत होता. "बाय, बाबांचा ऐक. जखिनीसमोर डाक्टर काय करनार?"

ट्रक निघून गेला होता आणि जखिणीनं धरलेली पोर न्यायला टॅक्सीवाला तयार नव्हता. शुभदानं नवऱ्याकडे पाहिलं. आयुष्यात कुठल्या बुवापुढे मान न वाकवलेला हरिहर हात जोडून उभा होता. "बाबा, काय लागेल ते करा. माझी पोर वाचवा." आता तिच्या बाजूनं कुणीच उरलं नव्हतं.

"डोळे मिटा!" टॅक्सीकडे वळून बाबांनी हुकूम सोडला. "उघडे ठेवील त्याचे जातील."

शुभदा शाळेत पदार्थविज्ञान शिकवायची. पण तिनं डोळे उघडे ठेवले ते विज्ञानासाठी नव्हे; लेकीवरची नजर तिला हलवता येईना म्हणून. आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिला दिसलं. घंटेच्या गजरात बाबांनी टॅक्सीच्या तोंडावरचं लाल कापड आणि झेंडूचे जाडजूड हार काढून बाजूला टाकले, बॉनेटखाली हात घातला आणि तीर्थात भिजवलेलं फडकं एका नळीवर दाबून धरलं. टॅक्सी सुरू झाली.

तसलंच लाल कापड आणि तसलेच हार तिच्याही गाडीच्या तोंडावरच्या जाळीवर होते. चढणीच्या पायथ्याशी बाबांच्या शिष्यानं 'संरक्षण' म्हणून बांधले होते. हरिहर नको म्हणत होता. "बांधू द्या हो, वाद घालण्यात वेळ जाईल," असं तिनंच म्हटलं होतं.

तिनं धावत जाऊन ते हार ओरबाडून काढले. त्यांच्यामागची जाळी तव्यासारखी तापली होती. पेट्रोलच्या नळीला हात लावला, तो चटकन भाजला. बाबांचा तीर्थाचा हंडा उचलून तिनं पदर भिजवला आणि नळीवर, पंपावर गुंडाळला.

"पाप! पाप आहे हे!" बाबा किंचाळले. काळुराम तिला ओढायला सरसावले, तेवढ्यात बायजा नावाची एक म्हातारी मध्ये पडली. "पाटील, आई हाय ती. हात नका लावू."

"अहो, मारा हँडल!" शुभदा हरिहरला म्हणाली.

काही नाही. पुन्हा. काही नाही. आतून सुमतीचा आवाजही येईनासा झाला. शुभदा रडत रडत त्या नळीवर पाणी ओतत राहिली. "मारा ना!"

इंजिन खोकलं, अडखळलं आणि धडधडू लागलं.

कल्याणला इंजेक्शन मिळालं आणि सुमती वाचली. "अजून थोडा उशीर झाला असता तर..." दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले आणि वाक्य तिथंच सोडून दिलं.

पोरगी हिंडूफिरू लागल्यावर शुभदा त्या चढणीवर परत गेली. सगळ्यांसमोर तिनं जाळीवर कापड आणि हार बांधून गाडी वर आणवली. गाडी बंद पडली. हार काढले, नळीवर ओलं फडकं ठेवलं. गाडी सुरू झाली. "जाळीतून वारा गेला नाही की इंजिन तापतं," ती म्हणाली. "चढणीवर तर फारच. नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि इंजिनाला पेट्रोल मिळत नाही. नळी गार केली की मिळतं. जखीण पायथ्याशी हारात बांधून मिळते, माथ्यावर बाबा ती सोडवतात. बोलवा त्यांना, विचारा." बाबा सकाळीच पसार झाले होते.

लोक हसले. काळुराम हसले नाहीत.

"बाय," त्यांनी हळूच विचारलं, "मागल्या साली माझ्या नातवाला पान लागला. साप चावला गो. गारी हितंच बंद परली. बाबांनी त्याला सांजंपर्यंत वडाखाली ठेवला. तवा... तवा पन गारी अशीच चालू झाली असती?"

शुभदाला खोटं बोलावंसं वाटलं. फार वाटलं.

"हो, काका," ती म्हणाली.

म्हातारा तिथंच रस्त्यात बसला. बायजेनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

म्हणून सांगतो, मंडळी. कुणी डोळे मिटायला सांगितलं तर का म्हणून विचारा. देव मानायचा तर माना, पण आजारी माणसाला कुठल्याही झाडाखाली थांबवून ठेवू नका. गाडी नाही तर बैलगाडी, तीही नाही तर खांद्यावर घ्या आणि त्याला डॉक्टरकडे न्या.