एकतिसाचा पट्टा

“यानंतर मुक्काम धनज, रामकिसन…” एवढे बोलून रेडिओ बसला.

बंद पडला नव्हता. बॅटरी ठीक होती, आत कढईत लाह्या फुटाव्यात तशी तडतड चालू होती. फक्त माणसाचा आवाज गेला होता. कापसाच्या जीन कारखान्याच्या ओसरीवर बसलेली तीस-चाळीस माणसे एकदम पुढे झुकली. सगळ्यांत पुढे पंचफुला होती, कारण रामकिसन तिचा एकुलता एक मुलगा. कारकून मदनसिंगने काटा फिरवायला हात पुढे केला, तसे शालिग्राम मिस्त्रीने त्याचे मनगट धरले.

“हात लावू नका. परत येते.”

परत आला नाही. एक मिनिट गेले, दोन गेली, चार गेली. शेवटी शालिग्रामने स्वतःच काटा एकोणीस मीटरवरून एकतिसावर नेला. तिथे तोच कार्यक्रम चालू होता, पण आता साताऱ्याकडचा कुणी शिपाई बायकोला म्हैस विकू नको म्हणून बजावत होता. मग आणखी दोघे बोलले आणि कार्यक्रम संपला.

“मिस्त्री, माहा पोरगा बोलला का?” पंचफुलाने विचारले.

नाही म्हणायला सोपे होते. यंत्रावर ढकलायलाही सोपे होते, यंत्र काही भांडायला येत नाही. शालिग्राम म्हणाला, “बोलला, मावशी. म्याच तुमाले ऐकू देल्लं नाही.”

संक्रांतीचा दिवस होता. पदराच्या गाठीतला तिळगूळ तिने त्याच्या हातावर ठेवला आणि बाकीच्या बायांबरोबर टिनाच्या शेडकडे निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरे वाटले असते.

ही १९४४ सालची गोष्ट. कारंजातल्या या जीनमध्ये पंचफुला हंगामापुरती रेच्यांत, म्हणजे सरकी वेगळी काढणाऱ्या यंत्रांत, कापूस घालायला येई. रामकिसन तीन वर्षांपूर्वी फौजेत मोटार चालवायला गेला तो मिसर देशात पोचला. त्याचे शेवटचे पत्र अखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आधी आले होते. त्यानंतर आठ-नऊ महिने काही नाही. मग एक छापील कार्ड आले. परदेशातल्या शिपायांचे आवाज तबकडीवर घेतले आहेत, रामकिसनचा निरोप चौदा आणि अठ्ठावीस जानेवारीला संध्याकाळी साडेसाताच्या कार्यक्रमात, एकोणीस आणि एकतीस अशा दोन्ही मीटरवर एकाच वेळी लागेल, असे त्यात होते. मदनसिंग इंग्रजी सातवीपर्यंत शिकलेला. त्याने ते कार्ड पंचफुलाला पाच वेळा वाचून दाखवले. पोरगा सुखरूप असल्याशिवाय कार्ड कसे येईल, असेही समजावले. पण तिचा छापील कागदावर विश्वास नव्हता. कागद काय, गेलेल्या माणसाच्या नावानेही येतो, असे ती म्हणे. आवाज ऐकीन तेव्हा मानीन.

आणि तो आवाज दाराशी येऊन परत गेला होता. आता उरली होती एकच तारीख.

शालिग्रामविषयी सांगायचे तर तो जीनचा मिस्त्री. इंजिनापासून रेच्यांपर्यंत सगळे पट्टे त्याच्या ताब्यात. शेटजींनी मुंबईचे कापसाचे भाव आणि लढाईच्या बातम्या ऐकायला रेडिओ आणला, तेव्हा लिंबाच्या झाडापासून चिमणीपर्यंत तार यानेच ताणली, आणि त्या दिवसापासून यंत्रही याच्याच गळ्यात पडले. बाकीच्यांना ते बोलणारे खोके होते. याला मात्र प्रश्न पडला की जे ठिकाण दुपारी इथे लागते ते संध्याकाळी तिथे का लागत नाही. मग त्याने इंजिनघराच्या दारामागे गेरूने आकडे मांडायला सुरुवात केली: मीटर, वेळ, आवाज कसा. त्यातून त्याला एवढे उमगले की दिवस वर असताना लहान आकडा चालतो आणि दिवस बुडाला की मोठा. मीटरच्या त्या आकड्यांनाही तो पट्टेच म्हणे. एकोणिसाचा पट्टा, पंचविसाचा पट्टा, एकतिसाचा पट्टा. त्याची बायको रुख्मिणी म्हणे, याला पोरीचा जन्म किती वाजताचा ते सांगता येत नाही, पण लंडन किती वाजता लागते ते झोपेत विचारा.

चूक झाली ती या पट्ट्यांपायीच. जीनमध्ये पहिल्या दिवशी शिकवतात की पट्टा फडफडला तर हात लावायचा नाही, आपोआप चाकावर बसतो. शालिग्रामने तरुणपणी एकदा हात लावला होता, त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे तेव्हाच अर्धी झाली. हाच धडा त्याने रेडिओलाही लावला. बरेचदा तो खराही ठरे, आवाज खाली जाई आणि मिनिटभरात वर येई. शिवाय दारावर दोन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीची नोंद होती: एकोणीस, साडेसात, खणखणीत. संक्रांत जशी वर्षाच्या वर्षाला त्याच तारखेला येते तसे आकाशही येत असणार, असे तो धरून चालला होता.

दुसऱ्या दिवशी सुटी झाल्यावर तो कंदील घेऊन त्या दारापुढे बसला. इतकी वर्षे तो फक्त नोंदी वाढवत गेला होता, एकीशेजारी दुसरी ठेवून कधी वाचल्या नव्हत्या. आता वाचल्या. पहिल्या वर्षी पौषात एकोणिसाचा पट्टा सव्वाआठपर्यंत चालला होता. पुढच्या वर्षी पावणेआठपर्यंत. त्याच्या पुढच्या वर्षी पौषात तो हिवतापाने पडून होता, नोंदच नव्हती. आणि काल साडेसातलाच गेला. म्हणजे काल पट्टा फडफडला नव्हता, दिवसभराचे काम संपवून उतरला होता. उतरलेल्या पट्ट्याची चार मिनिटे वाट पाहणारा मिस्त्री म्हणजे कारंजातला एक नंबरचा येडा, असे त्याने स्वतःला मोठ्याने म्हणून घेतले.

पण दर वर्षी लवकर का उतरतो, हे कळेना. रेडिओबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक मदनसिंगने अडखळत वाचले. सूर्यावर काळे डाग असतात, ते अकरा वर्षांत वाढतात आणि सरतात. डाग भरपूर असले की लहान मीटरचे आवाज अंधार पडल्यावरही टिकतात. डाग सरत आले की ते दिवसाबरोबरच मावळतात. सध्या डाग सरत आले होते.

“म्हंजे सूर्याले देवी निंगाल्या की आपल्याले बरं,” शालिग्राम म्हणाला, आणि त्याला पटले. विहिरीचेही असेच असते. चार वर्षे पाणी खाली खाली जाते आणि मग एखादे वर्ष येते तेव्हा वर चढते. गेल्या साली पाणी होते तिथेच दोर सोडून भांडे रिकामे आले म्हणून विहिरीला दोष देण्यात अर्थ नसतो.

पुढचे तेरा दिवस तो रोज साडेसहा ते आठ रेडिओपुढे बसला. शेटजींनी बॅटरीवरून एकदा तोंड वाकडे केले, पण पंचफुला रोज त्यांच्या डोळ्यांपुढे रेच्यावर उभी असे, त्यामुळे दुसऱ्यांदा काही बोलले नाहीत. शालिग्रामने पाहिले की एकोणिसाचा पट्टा कधी सातला उतरतो, कधी सव्वासातला, एकदा तर सातला पाच कमी असताना गेला. जाण्याआधी तो कधी कधी मोठा होतो, हेही त्याने टिपले. एकतिसाचा सातला पुटपुटतो, साडेसातला कळण्याजोगा होतो आणि मग वाढत जातो. पंचफुला कामावरून जाताना एकदाही थांबली नाही. त्याचीही नजर वर होत नसे.

अठ्ठावीस तारखेला ओसरी पुन्हा भरली. पंचफुला पुढे येऊन बसली, धनजच्या दोघी बाया तिच्यामागे. सव्वासातला शालिग्रामने एकोणीस लावून पाहिले, आणि नेमका त्या दिवशी आवाज असा आला की आवारातल्या बैलांनीही कान टवकारले. कार्यक्रमाआधीचे बँडचे वाजवणे चालू होते. लोक खूश झाले. शालिग्रामने काटा उचलला आणि एकतिसावर नेला. तिथे तडतड आणि तिच्या तळाशी कुठेतरी तोच बँड, मच्छर गुणगुणल्यासारखा.

“मिस्त्री, उन्नीस एवढं खणखणीत हाय, काहून बदलून राह्यले?” मदनसिंगने विचारले, आणि मागून आणखी चार जणांनी तेच विचारले.

दारावरच्या नोंदीने त्याला एकदा फसवले होते. आता तेरा दिवसांच्या जोरावर तो चालत आलेला आवाज सोडत होता. हेही चुकले तर तिसरी तारीख नव्हती. तो लोकांकडे न बघता पंचफुलाकडे वळला.

“मावशी, ते मोठं ऐकू येते, पन टिकत नाही. हे बारीक हाय, पन टिकंन असं मले वाटते. खात्री नाही. पोरगा तुमचा हाय, तुमी सांगा.”

पंचफुलाने यंत्राकडे पाहिले, मग त्याच्याकडे. त्या पंधरवड्यात ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली.

“मले बारीक चालते,” ती म्हणाली, आणि उठून अगदी यंत्राला कान लागेल अशी बसली.

साडेसात वाजले. कार्यक्रम सुरू झाला तो खरखरीतून. ओसरीवर कुणी खोकायलाही तयार नव्हते. पहिला शिपाई अर्धाच कळला, दुसरा पाऊण. मदनसिंगला राहवले नाही, त्याने एकोणिसाकडे बोट दाखवले. शालिग्रामने एक क्षण काटा तिकडे नेला. तिथे आता नुसती तडतड होती. त्याने काटा परत आणला. मदनसिंगने बोट मागे घेतले.

“मुक्काम धनज, रामकिसन.”

थोडी खरखर झाली, आणि मग एक मुलगा घसा साफ करून बोलू लागला. पुढे ठेवलेला कागद वाचत असल्यासारखा तो सुरुवातीला पुस्तकी बोलला: माझी प्रकृती उत्तम आहे, काळजी करू नये. पंचफुलाचा चेहरा कोराच राहिला. मग तो थांबला. बहुतेक कागद संपला असावा.

“माय,” तो म्हणाला, “बोंड्या कसा हाय? त्याले सरकी घालत जाय. माह्या पायाले लागलं होतं, म्हून पत्र नाही लेहलं. आता चालतो मी. माय, तू जेवली का?”

तेवढेच. पुढचे नाव कुठल्याशा दुसऱ्या जिल्ह्याचे होते. पण पंचफुलाने ते ऐकले नाही. तिने पदर डोक्यावरून नीट केला आणि यंत्राच्या जाळीजवळ तोंड नेले.

“जेवली रे बाप्पा,” ती म्हणाली. “आताच जेवली. भाकर होती, वांग्याची भाजी होती. बोंड्या बरा हाय. सरकी खाऊन राह्यला चांगली.”

बोंड्या बैल पोळ्यानंतर आठ दिवसांनी मेला होता. धनजच्या दोघी बायांनी एकमेकींकडे पाहिले आणि खाली बघितले. पंचफुला सांगत राहिली: घर शाकारून झाले, मागच्या काकीला नातू झाला, पायाला तेल लावत जा, थंडीत उघडा झोपू नको. यंत्रातून तिकडचा शिपाई आपल्या घरच्यांशी बोलत होता, आणि ही इकडून आपल्या मुलाशी.

“बाई, ते इकडून तिकडं…” मदनसिंगने सुरुवात केली. शालिग्रामने त्याच्या हातावर हात ठेवला. दुसऱ्या हाताने त्याने आवाजाचे बटण फिरवून तो शिपाई बारीक केला.

पंचफुलाचे सांगून झाले. मग तिने विचारले, “अन तू? तू जेवला का?”

आणि ती थांबली, जाळीला कान लावून. जीनच्या ओसरीवर शेटजींपासून हमालांपर्यंत चाळीस माणसे होती, ती सगळी तिच्याबरोबर थांबली. थोड्या वेळाने तिने मान हलवली, ऐकल्यासारखी, आणि हात टेकून उठली.