फखरूभाभीचं अंगण

"खांड पडली! खांड पडली!" फखरूभाभी गल्लीभर ओरडत सुटली होती.

कुवेतमधल्या अहमदीच्या वाळवंटात कसली आलीय खांड? खांड पडते आमच्या कोकणात, खाडीचा बांध फुटला की. ती आरोळी कानावर आली की घरात कुणी बसायचं नाही, असा रिवाज. आम्ही बायका हातातलं टाकून बाहेर आलो. बघतो तर ट्रकच्या धडकेने गल्लीच्या वरच्या टोकाची रॉकेलची टाकी फुटलेली. छप्पन सालची थंडी ती. घरोघरच्या शेगड्यांसाठी टाकी कालच भरली होती. रॉकेल उतारावरून खाली निघालं होतं, आणि खालच्या टोकाला जमिनीत आमची पिण्याच्या पाण्याची टाकी.

पाणी गेलं असतं तर गल्लीच गेली असती. तेल कंपनीच्या कॅम्पच्या सुपरवायझरला, मेल्याला, बायकामुलांची वस्ती डोळ्यांत खुपायची. पुरुषांना बराकीत घालायचं आणि बायकांना बोटीने मुलखात धाडायचं, याला तो निमित्तच शोधत होता.

"चुली विझवा आधी!" भाभी म्हणाली. "मग वाळू आना."

घमेली, परात, हंडे, जे मिळालं त्यातून वाळू ओतली. बांध घातला की रॉकेल बाजूने वाट काढायचं. शेजारचा दुसऱ्या पाळीचा मुस्तफा घरी होता, तो म्हणाला, "थांबनार नाय हे. कुठंतरी वळवाया पायजे."

वळवायला जागा एकच होती. पाण्याच्या टाकीअलीकडचं शेवटचं अंगण, भाभीचं. तिथे तिने तांदूळ धुतलेल्या पाण्यावर मेथी, कोथिंबीर आणि एक शेवगा वाढवला होता. मुस्तफाने कुदळ उचलली, पण अंगणाच्या पायरीशी त्याचा हात अडला.

"दे इकडं," भाभीने कुदळ हिसकावली. "ज्याचं शेत बुडवायचं, पयला घाव त्याचा. इसरलास काय गावची रीत?"

तिने पायरी फोडली. रॉकेल आत वळलं, मेथीवरून घराच्या उंबऱ्यापर्यंत गेलं. आम्ही सगळ्या रडत होतो. ती मात्र शिव्या घालत होती, टाकीला, ट्रकला, आमच्या रडण्यालाही.

संध्याकाळी तिचा नवरा उस्मान कामावरून आला आणि दारातच थबकला. "तुला आपलंच घर दिसलं गं?"

"मग काय दुसऱ्याचं दाखवू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी सुपरवायझर हजर. "ये घर बंद. औरत लोग सब इंडिया जायेगा."

भाभीने टाकीतलं पाणी पेल्यात काढलं, आधी स्वतः प्यायली, मग त्याच्यापुढे धरलं. "पानी साफ है. पी के देखो."

त्याने घेतलं नाही. घराकडे बोट दाखवून म्हणाला, "इधर आग नहीं जलेगा. खाना कैसे पकायेगा?"

मला अस्सा राग आला! घरी गेले, भाताचा टोप उचलला आणि तिच्या अंगणात आणून ठेवला. मागोमाग नूरबानू सार घेऊन आली, सफिया तळलेले बांगडे घेऊन. भाभीने त्या काळ्या पडलेल्या मातीवर फळी टाकली, वर दस्तरखान पसरला आणि डोक्यावरचा पदर सारखा केला.

"साब, आओ. बैठो खाने को."

तो उभाच राहिला. आम्ही जेवायला बसलो. घासाघासाला रॉकेलचा वास येत होता. तो जाईपर्यंत एकही बाई उठली नाही.